कापलेला खोकला

“हिरवं पाहिजे म्हणालीस ना? मग हे काय जांभळं आहे होय?”

अण्णा खाटेवर बसून भिंतीकडे बोट दाखवत होते. भिंतीवर बेदाण्याच्या शेडवरचं नेट ताणून बांधलं होतं. आमच्या तासगावात द्राक्षं वाळवायची शेड असते, तिच्यावर ऊन चाळून घ्यायला हिरव्या जाळीचं कापड टाकतात, ते. उन्हाळे खाऊन खाऊन ते कुठं गडद, कुठं पांढुरकं झालं होतं, आणि त्यातून मागची खुंटी आणि खुंटीवरची पिशवी सरळ दिसत होती.

“अण्णा, मी कापड म्हटलं होतं. ही जाळी आहे. हिच्यातून पलीकडचं गाव दिसतंय.”

“पिशवी काढ की मग. गावाचं मी बघतो.”

हा माणूस मरायला टेकला होता, आणि हे त्याचं बोलणं.

महिपती सूर्यवंशी त्यांचं नाव. आमची भिंतीला भिंत. गल्लीत कुणाचंही लग्न असो, मंगलाष्टका अण्णांच्याच. भटजी एक वेळ उशिरा आले तर चालायचं, अण्णा वेळेवर पाहिजेत. आवाज असा की कार्यालयातला लाऊडस्पीकर बंद पडला तरी मागच्या पंगतीत ऐकू जायचा. त्या अण्णांना लिव्हरचा आजार झाला. अंग पिवळं, डोळे पिवळे, नखंसुद्धा पिवळी. मिरजेच्या डॉक्टरांनी अण्णांच्या बायकोला, इंदूकाकूंना, बाजूला घेऊन हात जोडले होते.

आणि लेकीचं, वृषालीचं, लग्न तोंडावर आलं होतं.

मी तेव्हा घरी बसून लोकांच्या वाढदिवसांचे, साखरपुड्यांचे व्हिडिओ जोडून द्यायची. कुठं शिकायला गेले नव्हते, मोबाईलवर बघून बघून हात बसला होता. हिरव्या कापडापुढे माणूस बसवायचा, कॉम्प्युटरला सांगायचं हिरवं तेवढं पूस, आणि मागे पाहिजे ते चित्र लावायचं, एवढी विद्या आली होती. त्या जोरावर मी गल्लीतल्या एका बाळाला बारशात चंद्रावर बसवलं होतं. ते अण्णांनी बघितलं होतं, आणि तिथूनच त्यांच्या डोक्यात हे शिरलं.

“बाळाला चंद्रावर नेलंस, मला डोंबिवलीपर्यंत पोचवायला काय जातंय तुझं?”

डोंबिवलीला काकूंचा भाऊ राहायचा, सदामामा. मुलाकडच्यांना सांगितलं होतं की अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, ते सदामामाच्या घरी आहेत, डॉक्टरांनी धुळीत, धुरात जायला मनाई केलीय, म्हणून लग्नाला व्हिडिओ कॉलवर येतील. डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे काळा गॉगल आला, आणि गॉगल आला म्हणजे पिवळे डोळे झाकले. सगळी अक्कल अण्णांचीच.

खोटं बोलायची त्यांना हौस नव्हती. ह्याच्या आधी वृषालीचं एक जमलेलं मोडलं होतं. ती माणसं चहाला आली, अण्णांचा रंग बघितला, आणि घरी जाऊन निरोप पाठवला की बाप पितो वाटतं. सुपारीचं खांडसुद्धा न खाणारा माणूस! त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. मला म्हणाले, “बघ उज्जे, पोरीच्या आधी बापालाच हळद लागली, आणि त्या हळदीनं तिची हळद पुसली.”

तर आता दुसरं ठरलेलं त्यांना काही करून मोडू द्यायचं नव्हतं. मुलगा चांगला होता, पण घरात राज्य त्याच्या आत्याचं. ताराआत्या. शिंक आली तरी बैठक उठवणारी बाई.

“चला, बसा सरळ,” मी म्हटलं. मोबाईल स्टँडवर लावला. खोलीत एक खिडकी, तीही डाव्या अंगाला. उजवीकडे अंधार. म्हणून इंदूकाकूंच्या हातात वायरीला लावलेला बल्ब दिला. वृषालीला मुद्दाम शिंप्याकडे पिटाळलं होतं, ब्लाउज घालून बघायला. तिला अण्णांच्या आजाराचं आणि डोंबिवलीच्या थापेचं ठाऊक होतं, पण हे आधीच भरून ठेवायच्या सोंगाचं काही ठाऊक नव्हतं. मुलाकडच्यांसारखं तिलाही खरा फोन आलाय असंच वाटायला हवं, असं अण्णांचं म्हणणं.

“तिला कळलं तर तिथं बोहल्यावर तिचं तोंड बोलेल,” ते म्हणाले. “पोरीच्या तोंडावर काही लपत नाही. लहानपणी बेदाणे खाल्ले तरी कळायचं.”

काकूंनी त्यांच्या डोक्यावर गुलाबी फेटा ठेवला. गॉगल लावला. काकू कॉलर नीट करत होत्या तेवढ्यात मी चालू केलं.

“नमस्कार मंडळी! डोळ्यांनी दगा दिला, म्हणून इथं बसायची पाळी आली. जावईबापू, राग नसावा.” मग ते थांबले. “वृषे, वर बघ.” परत थांबले. ही जागा लेकीसाठी सोडलेली. ओठ न हलवता ते मनात काहीतरी म्हणत होते, तिचं उत्तरच म्हणत असावेत. “जेवलीस का काही?” पुन्हा जागा. “हं. तुझी आईपण उपाशीच असेल.” मग जरा हसून, “रडायचं नाही हं.”

आणि खोकला आला.

असा खोकला की फेटा सरकला. काकूंनी बल्ब खाटेवर टाकला आणि त्यांची पाठ थोपटायला लागल्या. तोंडावरचा उजेड गेला. मी बंद करायला हात पुढं केला, तर अण्णांनी खोकता खोकताच बोट हलवलं, चालू ठेव. काकू थोपटत राहिल्या. पाण्याचा घोट घेतला. बराच वेळ गेला. मग त्यांनी फेटा बसवला, श्वास घेतला आणि म्हणाले, “अशी! शहाणी माझी पोर.”

मंगलाष्टक एकच म्हटलं. आवाज चिरलेला, पण सुरात. “सावधान” म्हणताना त्यांनी हात वर उचलला, नेहमी लग्नात उचलायचे तसा.

मी बंद केलं. अण्णा म्हणाले, “आता नीट ऐक, उज्जे. मी जिता असलो तर हे लावायचं नाही. मग मी खराच फोन करणार. सदा लावून देईल. नसलो, तरच हे लाव.”

“काय अभद्र बोलताय?” काकू म्हणाल्या.

“अभद्र कसलं? तयारी करतोय. सुतक कधी लागतं गं इंदे? कानावर पडल्यापासून. बरोबर? मग कानावर पडूच द्यायचं नाही. देवक बसल्यावर चालतं म्हणतील भटजी, पण भटजींना विचारतंय कोण? ताराआत्या पाट उलटा करून निघून जाईल. पुढं आषाढ लागतोय. मुहूर्त नाहीत. आणि मन फिरायला माणसाला किती वेळ लागतो ते आपण बघितलंय.”

“आणि मला का सांगताय?” मी विचारलं.

“तू आमच्या भावकीतली नाहीस. तुझ्या कानावर पडलं तर कुणाचं काही बिघडत नाही. सदा तुलाच फोन करेल. तू कुणाला सांगायचं नाही. फक्त हे लावायचं.”

मला राग आला. खरंच आला. म्हटलं, काय माणूस आहे हा! स्वतःच्या मरणाचा निरोप शेजारच्या पोरीच्या गळ्यात बांधतो, आणि वर फेट्याचं टोक नीट करतो! पण नाही म्हणवेना.

बाहेर पडले तर अंगणात वृषाली. हातात शिंप्याची पिशवी, डोळे लाल.

“झाला का ब्लाउज?”

“काखेत घट्ट होतोय,” ती म्हणाली, आणि आत गेली. उन्हातून आली असेल, मी म्हटलं.

कॉम्प्युटरवर घेतलं तेव्हा खरा भोग सुरू झाला. हिरवं पूस म्हटलं, तर नेट कुठं कुठं गेलं आणि अण्णांचा एक गाल गेला. उजेड नीट असता तर कापड एकसारखं हिरवं दिसलं असतं. इथं खिडकीकडचं नेट पांढरं, मधलं हिरवं, बल्ब असूनही उजवीकडचं काळं. आणि अण्णांचा रंग तो असा पिवळा, त्यावर नेटाची हिरवी झाक पडलेली. कॉम्प्युटरला माणूस कुठं संपतो आणि जाळी कुठं सुरू होते, ते कळेना. जरा जास्त पुसलं की अण्णाच पुसले जात. कान जायचा, हनुवटी जायची, कधी फेट्याखाली नुसता काळा गॉगल लोंबत राहायचा. कमी पुसलं की मागची खुंटी डोंबिवलीत यायची.

मी आधी चिडले, मग रडले, मग हाताने करायला घेतलं. दुसरा उपाय नव्हता. अण्णांच्या अंगाभोवती हाताने रेघ ओढायची, बाहेरचं पुसायचं. मग पुढचं चित्र घ्यायचं, त्यात ते केसभर हललेले असतात, पुन्हा रेघ ओढायची. एका सेकंदात ढीगभर चित्रं असतात. नेटाचे पण तुकडे केले. खिडकीकडचा पांढरा वेगळा पुसला, मधला वेगळा, अंधारातला वेगळा. दुपारी स्वयंपाक आवरला की बसायची, ते दिवेलागणीला उठायची. माझी सासू म्हणायची, “त्या माणसाला एवढं न्याहाळून तर त्याच्या बायकोनंसुद्धा बघितलं नसेल.” खरं होतं ते. कपाळावरची शीर कधी उडते, ओठ कुठल्या बाजूला ओढतो, सगळं मला पाठ झालं.

काकू एकदा बघायला आल्या. नेमकं मी कॉलर नीट करतानाची जागा लावून बघत होते. हिरवं पुसलेलं. पडद्यावर काकूंचा हात आला, अण्णांच्या गळ्याशी गेला. हातात बांगडी नव्हती. हिरवा चुडा होता ना तो, कॉम्प्युटरने तोही पुसून टाकलेला. नुसतं भुंडं मनगट.

मी झटकन पुढं नेलं. काकूंनी बघितलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी पदर हातावर ओढून घेतला एवढं खरं.

“हा भाग उडवणारच होते,” मी म्हटलं. “चालू करतानाचं आहे हे, लागत नाही. हे बघा, हा चेहरा बघा.”

चेहऱ्याचा पिवळेपणा मी काढला होता. हिरवी झाक मारायला थोडा जांभळट रंग चढवला, गालावर थोडी लाली आणली. काकू वाकून बघत राहिल्या.

“असेच होते गं,” त्या म्हणाल्या. “आजारी पडायच्या आधी अस्सेच होते.” आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. अण्णांना त्या दिवशी सकाळीच मिरजेला नेलं होतं. सदामामा डोंबिवलीहून येऊन तिथं थांबला होता.

शेवटी राहिला गॉगल. गॉगलला भोकं पडत होती. समोरचं दार अर्धं उघडं होतं, दाराबाहेर अंगणात जाईचा वेल, त्याचा हिरवा रंग काचेत उतरलेला. मी मोठं करून बघितलं. काचेत एका बाजूला खिडकी, मध्ये माझा मोबाईल, आणि दाराच्या उजेडात एक काळी आकृती उभी. ऐन खोकल्याच्या वेळची जागा, ती अजून कापायची होती. काकू असतील, मी म्हटलं, आणि दोन्ही काचा काळ्याकुट्ट करून टाकल्या. डोंबिवलीच्या घरात आमची खोली कशाला दिसायला पाहिजे?

मिरजेहून एकदा अण्णांचाच फोन आला. आवाज पार खाली गेला होता.

“झालं का माझं मुंडकं कापून?”

“झालं. नवरदेव दिसताय.”

“आणि खोकला?”

“तो पण कापला. कळतसुद्धा नाही. तुम्ही म्हणता रडायचं नाही, आणि लगेच म्हणता अशी. मध्ये चित्र जरासं अडकल्यासारखं केलंय, फोनची रेंज गेली की अडकतं तसं.”

“बरं केलंस. लग्नात खोकला नको.” मग जरा थांबून, “लावायची वेळ येऊ नये असं वाटतंय बघ. खरा फोन करावा म्हणतो.”

“करा की अण्णा. मी आनंदाने सगळं फेकून देईन.”

ते हसले असावेत. फोन सदामामाने घेतला.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी कार्यालयात मोठा पडदा लावून घेत होते. सगळीकडे गजऱ्यांचा वास, भटारखान्यात जिलेबीची कढई चढलेली. फोन वाजला. सदामामा. म्हणाला, “उजू, गेले गं. पहाटेच. मी इथंच आहे त्यांच्यापाशी. घरी आणत नाही अजून. तू तुझं कर.”

मी खुर्चीवर बसले. समोर पोरं फुगे बांधत होती. मला वाटलं ओरडावं, बंद करा म्हणावं सगळं, तो माणूस तिकडे शवागारात पडलाय आणि तुम्ही जिलेबी कसली तळताय! तेवढ्यात काकू आल्या. नथ, शालू, कोपरापर्यंत हिरवा चुडा. आजूबाजूला दोघी-तिघी बायका होत्या.

“सदाचा होता का?”

मी तोंड उघडलं. काकूंनी माझ्या तोंडावर हात ठेवला. बांगड्या हनुवटीला लागल्या.

“कानावर घालू नको,” त्या हळूच म्हणाल्या. “अक्षता पडू देत. तू तुझी वायर जोड.”

आणि मागे वळून मोठ्यांदा म्हणाल्या, “अगं, ओटीचे तांदूळ कुठं ठेवले? कुणाला काही सुचतं की नाही!”

मी वायर जोडली.

मुहूर्ताला नवरानवरी बोहल्यावर आले. अंतरपाट धरायच्या आधी भटजींनी माझ्याकडे बघितलं. ताराआत्या पहिल्या रांगेत, बोटं मोडत. “लावा की व्याह्यांना. बघू तरी कसे दिसतात,” त्या म्हणाल्या. अण्णांनी उत्तरांसाठी जागा सोडल्या होत्या, पण पोरगी तिथंच बोलेल कशावरून? ती मध्येच म्हणाली, बाबा गॉगल काढा, तर? बाबा, कधी येणार, तर? पडद्यावरचा माणूस तसाच पुढं बोलत राहिला असता, आणि सगळं तिथंच उघडं पडलं असतं. लग्न मोडायला एक प्रश्न पुरे होता.

मी चालू केलं.

पडद्यावर अण्णा आले. मागे डोंबिवलीची स्वच्छ भिंत, गालावर लाली, डोक्यावर फेटा. कार्यालयात सगळे कौतुकाने हलले. वृषालीने मान वर केली, पडदा बघितला आणि क्षणभर तशीच राहिली. हिरव्या साडीत, मुंडावळ्या बांधलेल्या. तोंडावर काहीही नव्हतं. जिच्या तोंडावर काही लपत नाही म्हणायचे, तिचं तोंड त्या क्षणी कोऱ्या पाटीसारखं झालं. मग तिने मान खाली घातली.

“नमस्कार मंडळी! डोळ्यांनी दगा दिला…”

लोक हसले. जावई लाजले.

“वृषे, वर बघ.”

तिने वर बघितलं. बरोबर सोडलेल्या जागेत.

“जेवलीस का काही?”

“नाही बाबा. उपास आहे.”

“हं. तुझी आईपण उपाशीच असेल.”

सगळं कार्यालय हसलं. बायका काकूंकडे बघून हसल्या. काकूही हसल्या. माझा जीव जरा भांड्यात पडला. देवा, म्हटलं, जमतंय.

“रडायचं नाही हं.” चित्र जरासं अडकलं. “अशी! शहाणी माझी पोर.”

वृषाली बोललीच नाही. ती थांबली होती. पडद्यावरचे अण्णा पुढं गेले होते, घसा साफ करून मंगलाष्टकाचा सूर धरत होते, आणि ती अजून त्या जागेवर थांबली होती. तिचा उजवा हात उचलला गेला, पाठ थोपटायला उचलतात तसा, आणि हवेतच राहिला. मग तिचं तिलाच कळलं असावं की आता तिथं काही नाही. हात खाली घेतला आणि मंगलाष्टकाच्या आवाजाखाली पुटपुटली, “नाही रडत.”

ती खोकल्यासाठी थांबली होती. तो खोकला मी कापला होता. तो खोलीत असलेल्या आम्हा तिघांशिवाय कुणाला माहीत नव्हता. अण्णा, काकू, मी. आणि गॉगलच्या काचेत, दाराच्या उजेडात उभी असलेली ती आकृती. काकू असतील म्हटलं होतं मी. पण खोकल्याच्या वेळी काकू खाटेपाशी पाठ थोपटत होत्या, दारात नव्हत्या.

म्हणजे तिने सगळं बघितलं होतं. आणि सगळं ऐकलं होतं. जिता असलो तर खराच फोन करीन. नसलो, तरच हे लाव.

मी हे लावलं होतं. हजार माणसांच्या पुढं, अंगावर अक्षता पडायच्या आधी, त्या पोरीला बाप गेल्याचं मी सांगितलं होतं. कानावर काही पडलं नव्हतं. तिने डोळ्यांनी बघितलं, आणि बापाने नेमून दिलेल्या जागी उत्तरं दिली.

अण्णांनी “सावधान” म्हणत हात वर उचलला. अंतरपाट खाली आला. अक्षता उडाल्या, वाजंत्री सुरू झाली, आणि तिने नवऱ्याच्या गळ्यात हार घातला. हात जरासुद्धा कापला नाही.

“व्याही तर चांगले तुकतुकीत आहेत की हो!” ताराआत्या माझ्याजवळ येऊन म्हणाल्या. “मला कुणी काय काय सांगत होतं. लोकांच्या जिभेला हाड नसतं.”

“हो ना,” मी म्हटलं.

पाठवणीला मात्र वृषाली अशी रडली की वाजंत्रीवाले थांबले. आईला मिठी मारून नाही रडली. गाडीच्या दाराला धरून, खाली बसून, बाबा, बाबा करत रडली. तिला उठवायला चार बायका लागल्या. सगळे डोळे पुसायला लागले. पाठवणीला पोरगी रडणारच, त्यात बाप जवळ नाही, कुणाला काही वावगं वाटलं नाही. ताराआत्यासुद्धा म्हणाल्या, “माहेरची ओढ फार हो पोरीला, चांगलं लक्षण आहे.” दिवसभर दाबून ठेवलेलं तिने तिथं मोकळं केलं. तेवढी एकच जागा होती तिला.

माझ्यापाशी आली, गळ्यात पडली. कानाशी म्हणाली, “गॉगलमधली मी पुसलीस ना?”

“पुसली. मला वाटलं काकू आहेत.”

“मूळचं पुसू नको. नेटाचं. बाबांचा आणि माझा त्यानंतरचा एकही फोटो नाही.” मग आणखी घट्ट धरून म्हणाली, “आईला सांगू नको मला कळलंय. तिला तेवढं तरी राहू दे.”

गाडी गेली. कार्यालय रिकामं झालं. पोरं फुगे फोडत होती. काकू एका खुर्चीवर येऊन बसल्या, पाय लांब केले, नथ काढून मुठीत धरली.

“आता सांग,” म्हणाल्या.

मी सांगितलं. कधी गेले, सदामामा कुठे आहे, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. चुड्यावर हात फिरवत राहिल्या, एकदा वर, एकदा खाली.

“वृषीला आज कळवू नका,” त्या म्हणाल्या. “आजची रात्र जाऊ दे पोरीची. उद्या सकाळी सदाला पाठवू.”

“बरं,” मी म्हटलं.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. वृषालीची मुलगी शाळेत जाते. मी पुढं कॅमेरा घेतला, दिवे घेतले, चांगलं दाट हिरवं कापड आणलं. शेडनेटची ती मूळ फीत वृषालीला त्याच महिन्यात दिली. माझ्याकडेही एक आहे. ती मी लावत नाही.

काकू मात्र माझी साफ केलेली लावतात. दर वर्षी, अण्णांच्या तिथीला, जेवणं झाली की टीव्हीवर. मला बोलावणं असतंच. डोंबिवलीची भिंत येते, गुलाबी फेटा येतो, गालावरची लाली येते. “जेवलीस का काही?” अण्णा विचारतात, आणि नात हसून म्हणते, हो आजोबा, जेवले. मग “रडायचं नाही हं” येतं, चित्र जरासं अडकतं, आणि काकू दर वेळी मला तेच सांगतात.

“एक मात्र बरं झालं बघ, उज्जे. पोरीला शेवटपर्यंत काही कळलं नाही. हसत उभी राहिली माझी वृषी बोहल्यावर. तेवढं त्यांच्या मनासारखं झालं.”

“हो काकू,” मी म्हणते.

वृषाली तिथंच असते. ती पाण्याचा तांब्या उचलते आणि भरून आणायला आत जाते.